जूं कोणाच्या मानेवर?

मनाच्या ताणाविषयीं अलीकडे पुष्कळ उपदेश ऐकूं येतो. शांत राहा, दीर्घ श्वास घ्या, चिंता करूं नका, असें सांगणारे जागोजाग भेटतात. उपदेश वाईट नाहीं. परंतु त्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं: ज्या मनुष्याला आपण शांत राहावयास सांगतों, त्याच्या मानेवरील जूं कोणीं ठेविलें, आणि तें उतरविणें त्याच्या एकट्याच्या हातीं आहे काय?

आपल्या ठाणें जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊं. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. अंतर अवघें ३४ किलोमीटर. १८५४ सालीं ती कल्याणास पोहोंचली. आज त्याच मार्गावर कल्याण-डोंबिवलीचा चाकरमानी दाराच्या दांडीला लोंबकळत जातो. शहापूर-मुरबाडकडील आपलीं कित्येक मुलेंहि त्यांत असतात. ता. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळील वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून प्रवासी खालीं पडले. त्या दिवशीं चौघांचे प्राण गेले. दुसऱ्या सकाळीं पुन्हां तीच गाडी गांठावयाची होती.

आतां शरीर काय करितें तें पाहा. पायाशीं साप दिसला तर ऊर धडधडतो, श्वास जलद होतो, रक्तांत साखर वाढते. मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींच्या रसांचें यांत मोठें कार्य असतें. साप निघून गेला म्हणजे सर्व पूर्ववत् होतें. ही देणगीच होय. परंतु हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानें १९३६ सालीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, त्रास कोणत्याहि प्रकारचा असो, तो चालूच राहिला तर देह एकाच रीतीनें झिजतो. पोटांत व्रणसुद्धां पडतात. आपल्या शेतकऱ्याला हें कांहीं नवें नाहीं. संध्याकाळीं ज्याचें जूं उतरत नाहीं तो बैल फार दिवस टिकत नाहीं, आणि अशा बैलाला चाबूक मारणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं.

मनुष्याला मात्र आपण तो चाबूक मारतों, आणि त्याला बोध हें नांव देतों! रात्रीं नऊला घरीं येऊन जो पोरांवर खेकसतो, त्याला आपण म्हणतों, तुझा विश्वास उणा पडला. एलीया संदेष्टा रानांत झुडुपाखालीं मरण मागूं लागला, तेव्हां त्याला आधीं झोंप मिळाली, मग भाकर व पाणी, पुन्हां झोंप, पुन्हां भाकर. विचारपूस त्यानंतर, पुष्कळ दिवसांनीं झाली. हा क्रम आम्हां उपदेशकांच्या ध्यानांत राहत नाहीं.

तर मग पोरांवर खेकसणें क्षम्य आहे काय? नाहीं. गाडींतील गर्दी पोरांनीं केलेली नव्हती. जूं दुसऱ्यानें ठेविलें असलें, तरी तें आपल्याहून दुबळ्याच्या मानेवर टाकण्याचा अधिकार कोणास नाहीं. आणि त्या घरांतील बाईचें काय? पहांटे चारला पाणी भरून, डबे करून, तीहि तीच गाडी गांठते. परतल्यावर स्वयंपाक तिचीच वाट पाहत असतो. तिच्या हातचें लाटणें जो नवरा आपल्या हातीं घेईल, तो तिला जितकी विश्रांति देईल तितकी दहा व्याख्यानें देणार नाहींत. गाड्या वाढवा, मार्ग वाढवा, असा अर्ज दहा जणांनीं मिळून करणें हेंहि सहनशीलतेच्या विरुद्ध नव्हे. ठाणें व दिवा यांमधील पांचवा व सहावा मार्ग २०२२ सालीं सुरू झाला, तो कोणाच्या दीर्घ श्वासानें नव्हे.

एक गोष्ट राहिली. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, आणि "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टाहि जुनीच. ज्याची झोंप महिनोन् महिने उडाली, अन्न गोड लागत नाहीं, जीव नकोसा झाला, तो मनुष्य या थट्टेपायीं डॉक्टरकडे जावयास लाजतो. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य चालते, व तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक मंडळीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांनीं लिहून ठेवावा. पहिला फोन करतांना त्या मनुष्याच्या शेजारीं कोणी बसावयास गेलें, तर फारच बरें.