डोरा थांबते तेव्हा

‘डोरा द एक्सप्लोरर’ ही शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलांसाठी तयार झालेली अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिका १४ ऑगस्ट २००० रोजी निकलोडियन वाहिनीवर सुरू झाली. ख्रिस गिफर्ड, व्हॅलरी वॉल्श वाल्डेस आणि एरिक वाइनर हे तिचे निर्माते. सात वर्षांची डोरा आणि लाल बूट घालणारे तिचे माकड, बूट्स, दर भागात एखादे काम अंगावर घेऊन निघतात. कोणाला घरी पोचवायचे असते, तर कोणाची हरवलेली वस्तू शोधायची असते. बरोबर बोलकी पाठपिशवी आणि बोलका नकाशा असतो. वाटेत स्वायपर नावाचा कोल्हा वस्तू पळवायला टपलेला असतो. मुलांनी वेळेवर तीनदा बजावले, तर तो हात चोळत परत जातो. एवढ्या ऐवजावर ही मालिका २०१९पर्यंत चालली.

डोरा लॅटिन अमेरिकी वंशाची झाली, ती ठरवून. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो समाजाचा वाटा झपाट्याने वाढत होता, पण दूरचित्रवाणीवर ती माणसे फारशी दिसत नव्हती. १९९९च्या सुमारास या उणिवेची जाहीर चर्चा झाली आणि वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली. इतिहासाचे प्राध्यापक कार्लोस कोर्तेस यांना सांस्कृतिक सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. डोराला मेक्सिको, क्यूबा किंवा पोर्तो रिको अशा कोणत्याही एका ठिकाणची ठरवायचे नाही, असा निर्णय झाला. त्यामुळे प्रत्येक लॅटिनो घराला ती आपली वाटू शकली. या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. तिच्या घरच्या जेवणाला, सणांना, बोलीला नेमके गाव उरले नाही. २०१०मध्ये अ‍ॅरिझोनाच्या कडक स्थलांतर कायद्यावरून वाद पेटला, तेव्हा डोराला बेकायदा स्थलांतरित म्हणून दाखवणारी बनावट चित्रे फिरू लागली. मायदेश न दिलेले लहान मुलांसाठीचे पात्र मोठ्यांच्या राजकारणात ओढले गेले.

मालिकेची खरी ताकद तिच्या बांधणीत आहे. भागाच्या सुरुवातीलाच नकाशा तीन ठिकाणे सांगतो. आधी पूल, मग जंगल, मग डोंगर, असा काहीसा तो क्रम असतो. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याची उजळणी होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला लांब गोष्टीचा धागा धरून ठेवणे जड जाते. कोणाच्या मनात काय चालले आहे, त्यातून पुढे काय घडेल, हे त्याच्या हातून निसटते. जागांचा क्रम मात्र त्याला पेलतो. पुलाखालच्या कुरकुऱ्या राक्षसाचे कोडे सुटले की पुढे काय येणार, हे त्याला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेले खरे ठरण्यात या वयाला फार मोठा आनंद असतो. मोठ्यांना कंटाळवाणी वाटणारी ही पुनरावृत्ती म्हणजे मुलाने गोष्टीत पाय रोवायची जमीन आहे.

या बांधणीवर संगणकाचीही छाप आहे. सुरुवातीच्या दृश्यात कॅमेरा एका मुलाच्या खोलीतून थेट संगणकाच्या पडद्यात शिरतो आणि डोराचे जग तिथेच उघडते. डोराने काही शोधायला सांगितले की पडद्यावर बाण सरकतो आणि योग्य वस्तूवर टिचकी मारतो. नव्वदच्या दशकात सीडीवर मिळणाऱ्या बालखेळांचा हा उघड वारसा आहे. फरक एवढाच की इथे माऊस मुलाच्या हातात नाही.

म्हणूनच डोरा थांबते. पूल तिच्या पाठीमागे अगदी ढळढळीत दिसत असतो. ती मात्र समोर पाहून विचारते, पूल कुठे आहे? मग डोळे मिचकावत काही सेकंद गप्प उभी राहते. ज्या माध्यमात रिकामा क्षण चूक मानला जातो, तिथे मुद्दाम ठेवलेली ही शांतता मोठ्या धैर्याची आहे. त्याच वाहिनीवरच्या ‘ब्लूज क्लूज’ने १९९६पासून ही वाट पाडली होती. त्या मालिकेचा एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवला जाई. मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की भाग पुन्हा पाहिल्यावर मुलांना तो अधिक कळतो आणि ती अधिक उत्तरे देतात. अँडरसन यांनी त्याआधी ‘सेसमी स्ट्रीट’वर प्रयोग केले होते. त्यांत दृश्यांचा क्रम विस्कटला किंवा संवाद उलटे लावले की मुलांचे लक्ष उडे. चित्रे तेवढीच रंगीत असूनही हे घडले. म्हणजे लहान मूल पडद्याकडे नुसते खिळून बसलेले नसते. कळते तोवर ते पाहते.

डोराला मात्र ऐकू येत नाही. मूल बरोबर बोलले, चुकले किंवा बोललेच नाही, तरी शाबासकी तीच. जॉर्जीन ट्रोसेथ आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवले की पडद्यावरची व्यक्ती खरोखर प्रतिसाद देत असेल, तर दोन वर्षांची मुलेही तिच्याकडून मिळालेली माहिती वापरतात. नुसत्या आधीच मुद्रित केलेल्या चित्रफितीचा तसा उपयोग होत नाही. डेबोरा लाइनबार्गर आणि डेल वॉकर यांच्या २००५च्या अभ्यासात ‘डोरा’ पाहणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलांचा शब्दसंग्रह अधिक असल्याचे दिसले, तर ‘टेलिटबीज’ पाहणाऱ्यांचा कमी. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही ‘टीव्ही चांगला की वाईट’ हा प्रश्न किती ढोबळ आहे, हे त्यातून कळते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे. त्या तासात काय पाहायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा होतो.

बाजाराने डोराला खेळणी, दप्तरे, चपला, केक अशा सगळ्यांवर बसवले. २००९मध्ये किशोरवयीन, सडपातळ डोराची बाहुली येणार असे जाहीर झाले, तेव्हा अनेक आयांनी उघड विरोध केला. गुडघ्यापर्यंतच्या विजारीतली, गोल पोटाची, चिखलात उतरणारी मुलगी त्यांना आपल्या मुलींसाठी हवी होती. त्यांचा आग्रह रास्त होता.

भाषेच्या बाबतीत या मालिकेने सर्वांत मोठे काम केले, आणि तिथेच तिचा अर्थ देशागणिक पालटला. मूळ मालिकेत डोरा इंग्रजी बोलता बोलता स्पॅनिश शब्द शिकवते, आणि दार उघडायला किंवा कोणाला मदतीला बोलवायला तोच शब्द लागतो. अमेरिकेत घरात बोलल्या जाणाऱ्या, शाळेत दबून राहणाऱ्या भाषेला त्यामुळे मान मिळाला. स्पॅनिश येणारे मूल वर्गात जाणकार ठरले. इतर देशांत डबिंग होताना मात्र शिकवायची भाषा बहुधा इंग्रजी झाली. स्पॅनिश आवृत्तीतही डोरा इंग्रजीच शिकवते. तमिळमध्ये ती चुट्टी टीव्हीवर आली आणि घरोघर पोचली. तिथेही डोरा तमिळ बोलते आणि शब्द इंग्रजी शिकवते. साचा तोच, युक्ती तीच, पण मूळ मालिकेत दुबळ्या भाषेला मिळालेली जागा इथे सर्वांत बलवान भाषेकडे गेली. तरी तमिळ मुलाला निदान गोष्ट स्वतःच्या भाषेत मिळाली. मराठी घरांतली मुले बहुतेक कार्टून हिंदीतून पाहतात. तिथे पात्र प्रश्न विचारून थांबले की मुलाच्या तोंडून येणारे उत्तरही हिंदीच असते.