‘थांबा’ म्हणणाऱ्यांनी तारीख द्यावी

एखादं दोन वर्षांचं मूल पाणी हवं असलं की बोट दाखवत नाही. आईचं मनगट धरतं, ओढत माठापाशी नेतं आणि तिचा हात पेल्यावर ठेवतं. तिच्या तोंडाकडे मात्र बघत नाही. घरच्यांना यात हुशारी दिसते. आजी म्हणते, याचा बापही चौथ्या वर्षापर्यंत बोलत नव्हता. शेजारच्या काकू मोबाइलवर खापर फोडतात. आणि लस टोचायला ज्यांच्याकडे न्यायचं ते डॉक्टरही पुष्कळदा सांगतात, ‘मुलगे उशिराच बोलतात. थांबू या.’

सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. ही लक्षणं ज्याची असू शकतात तो ऑटिझम रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाचं वागणं पाहून आणि पालकांना खोदून विचारूनच तो ओळखावा लागतो. बाहेर रांग असताना तपासायच्या टेबलावर रडणाऱ्या मुलाचं वागणं कितीसं दिसणार? म्हणून घरात रोज पाहणाऱ्या बाईचं म्हणणं हा इथे सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो, आणि नेमका तोच ‘पहिलटकरणीची काळजी’ म्हणून बाजूला सारला जातो. वर्षाचं मूल हाकेला वळत नाही, सोळा महिन्यांचं एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचं स्वतःहून दोन शब्द जोडत नाही किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर तपासणीला पाठवायचं, हा बालरोगशास्त्रातला सर्वमान्य संकेत आहे.

सरकारी वाट कागदावर तरी नीट आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी व्हावी, शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ एकाच ठिकाणी मोफत भेटावेत, अशी ही योजना आहे. तपासायच्या यादीत ऑटिझमही आहे. पण दुभंगलेला ओठ डोळ्यांना दिसतो, हृदयाचा दोष स्टेथोस्कोपला सापडतो. कोपऱ्यात गाडीचं चाक फिरवत बसलेलं शांत मूल तपासणीच्या पथकाला त्रास देत नाही, म्हणून सुटतं. (आपल्याकडे त्रास न देणाऱ्या मुलाला गुणी म्हणण्याची रीतच आहे.) ते अंगणवाडीताईंना खटकलं, तरच पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळते.

चिठ्ठीची खरी भीती शिक्क्याची असते. लग्नाच्या बाजारापर्यंत विचार धावतो. पण चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. बोलणं लांबलेल्या मुलाला सहसा आधी कानाच्या तपासणीला पाठवतात, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणं निदानाची वाट न बघता सुरू करता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, त्यासाठीची चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी, 2016 च्या कायद्यानुसार मिळणारे हक्क, हे सगळं नंतरचं.

घाईने पाठवलं तर पालक उपचारांच्या बाजारात सापडतील, हा आक्षेप मात्र पोकळ नाही. ऑटिझमवर स्टेम सेलचे महागडे उपचार विकले गेले, इतके की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाला 2022 मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट बोलावं लागलं. तरी दोष चिठ्ठीच्या माथी मारणं चूक. ज्यांना योग्य दार कुणी दाखवलंच नाही, तेच पालक जाहिरातींच्या दारात उभे राहतात.

दर महिन्याच्या थांबण्यात मुलाचे सर्वांत शिकाऊ दिवस जातात. त्याची झळ डॉक्टरांना नाही, घराला लागते. तेव्हा पालकांनी घरातल्या वागण्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जावं. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले, तर किती आठवडे आणि त्यानंतर कुणाकडे, एवढं केसपेपरवर तारखेनिशी लिहून मागावं.