वेशीबाहेरचे मत

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, भवितव्याविषयी बोलताना आज प्रत्येक वक्ता ‘ऑरिक’चे नाव घेतो. शेंद्रा आणि बिडकीन ही त्या औद्योगिक नगराची दोन अंगे, आणि सप्टेंबर २०१९मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पणही झाले. तिथला कामगार शहरात खोली घेतो, आजारी पडला की घाटी रुग्णालयात येतो, मुलांना शहरातल्या शाळेत घालतो. मात्र शेंद्र्याचा मतदार विधानसभेला फुलंब्रीत मोडतो आणि बिडकीनचा पैठणमध्ये, आणि हे दोन्ही मतदारसंघ लोकसभेला जालन्याला जोडलेले आहेत. जालन्याच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण ही तीन आमच्या जिल्ह्यातली आहेत. म्हणजे हे शहर ज्या दिशांना वाढते आहे, तिथली माणसे शहराच्या खासदाराची मतदार नाहीत.

हे कुणाच्या कारस्थानाने झालेले नाही. १९५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आपण हैदराबाद राज्यात असताना झाली. तेव्हा या मुलखात औरंगाबाद आणि अंबड असे दोन लोकसभा मतदारसंघ होते. औरंगाबादमधून सुरेशचंद्र आर्य निवडून आले. पुढे मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७मध्ये औरंगाबादने स्वामी रामानंद तीर्थांना संसदेत पाठवले. अंबड हा मतदारसंघ मात्र नकाशावरून गेला आणि त्या भागात जालना आला. जिल्हा एकच असल्याने एका जिल्ह्याचे दोन खासदार, एवढाच त्याचा अर्थ होता. १ मे १९८१ला जालना जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या वाटल्या गेल्या, तालुके वाटले गेले. लोकसभेची रेषा तशीच राहिली, कारण ती हलवण्याची वाटच तोवर बंद झाली होती.

ही वाट बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६मध्ये बंद केली. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे संसदेतले बळ घटू नये, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण राज्याराज्यांतल्या जागा गोठवताना राज्याच्या आतल्या सीमाही गोठल्या, आणि त्याची किंमत उपनगरांनी मोजली. आमच्या शहरात १९७१च्या जनगणनेत दीड लाखाच्या आसपास माणसे होती. त्यानंतर सिडको आली, चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजची औद्योगिक वसाहत आली, आणि २००१मध्ये महापालिका हद्दीतच आठ लाख त्र्याहत्तर हजारांवर लोक राहत होते. एवढ्या काळात ‘औरंगाबाद पश्चिम’ या विधानसभा मतदारसंघाची वेस जिथल्या तिथे होती. सिडकोत नव्याने घर घेणारा प्रत्येक जण मतदारयादीत भर घालत होता आणि त्याच वेळी आपल्या शेजाऱ्याच्या मताचे वजन थोडे कमी करत होता.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बाह्य दिल्ली. राजधानीच्या कडेच्या वसाहती आणि खेडी मिळून झालेला हा लोकसभा मतदारसंघ २००४मध्ये देशातला सर्वांत मोठा होता. त्याच्या यादीत तेहतीस लाखांहून अधिक नावे होती. शहराच्या पोटातल्या चांदनी चौकात चार लाखही नव्हती. दोन्हीकडून लोकसभेत एकेकच खासदार जाई. राज्यांच्या आतल्या सीमा पुन्हा आखणाऱ्या २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत बाह्य दिल्ली विसर्जित झाला.

मुंबईची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५२मध्ये तिथे ‘मुंबई उपनगर’ या नावाचाच लोकसभा मतदारसंघ होता आणि तिथून जयश्री रायजी निवडून गेल्या. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळापासून चळवळीत असलेल्या आणि बालकल्याणाच्या कामात आयुष्य घातलेल्या या बाई. १९५७च्या निवडणुकीत हा मतदारसंघ राहिला नाही. त्याच वर्षी महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. उपनगर शहरात सामावले, पण विधानसभेतला त्याचा न्याय्य वाटा मिळायला अर्धशतक जावे लागले. २००८ची पुनर्रचना होईपर्यंत मुंबईच्या चौतीस जागा बेट आणि उपनगर यांत सतरा-सतरा अशा वाटलेल्या होत्या. पुनर्रचनेनंतर बेटावर दहा उरल्या आणि उपनगरांना सव्वीस मिळाल्या. त्याआधीच्या कितीतरी निवडणुकांत मालाड-कांदिवलीच्या मतदाराचे मत हलके राहिले, याची नोंद कुठल्याही जाहीरनाम्यात सापडत नाही.

त्याच पुनर्रचनेत औरंगाबाद शहराला मध्य, पश्चिम आणि पूर्व असे तीन मतदारसंघ मिळाले. इथे इतिहासाचे एक नुकसान झाले, ज्याची कुणी फारशी दखल घेतलेली नाही. जुन्या ‘पूर्व’मधून हरिभाऊ बागडे निवडून येत, तो बराचसा ग्रामीण प्रदेश आता फुलंब्रीत आहे. राजेंद्र दर्डा १९९९ आणि २००४ला जुन्या ‘पश्चिम’मधून जिंकले आणि २००९ला नव्या ‘पूर्व’मधून. नाव तेच, भूमी वेगळी. तरीही निवडणूक आली की नावासमोर नाव ठेवून मताधिक्याचे तक्ते छापले जातात आणि त्यावरून समाजाच्या कलाविषयी निष्कर्ष काढले जातात. गेलेल्या मतदारसंघाचे दफ्तर कुणी राखत नाही, म्हणून हे चालून जाते.

मतांचे वजन समान असावे असे मी म्हणतो तेव्हा मराठवाड्यातला कुणीही जाणता माणूस मला थांबवील, आणि त्याचे थांबवणे योग्य असेल. २००८मध्ये ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा तेरावरून चोवीस झाल्या आणि विदर्भाच्या सहासष्टवरून बासष्ट. विदर्भाने लोकसभेचीही एक जागा गमावली. मराठवाड्याच्या सेहेचाळीस तेव्हा टिकल्या. पुढच्या वेळी टिकतीलच असे नाही. रोजगारासाठी पुण्याला गेलेला आमचा माणूस पुण्याची जागा वाढवतो आणि मागे राहिलेल्या त्याच्या आईवडिलांचा आवाज बारीक होतो. ही वेदना खरी आहे. पण तिच्यावर इलाज म्हणून मतांची विषमता जपणे मला मान्य नाही. मागास भागाला न्याय देण्यासाठी संविधानात ३७१(२) कलम आहे, वैधानिक विकास मंडळांची तरतूद आहे. मराठवाड्याच्या मंडळाची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली आणि ते संपलेलेच राहू दिले गेले. आपला राग तिकडे वळायला हवा. शेंद्र्याच्या कामगाराचे मत हलके ठेवून लाडसावंगीसारख्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी येत नाही.

नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागा गोठवून ठेवणारी संविधानातली तरतूद तिच्याबरोबर सुटते. मागच्या परिसीमन आयोगात प्रत्येक मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसले होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता, तरी बोलण्याचा होता. आणि ज्यांच्या मतदारसंघांच्या रेषा बदलायच्या, तेच बोलत होते. नगरसेवकाला, सरपंचाला तिथे जागा नव्हती. कायद्यात मात्र मतदारसंघ आखताना दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असे स्पष्ट लिहिले आहे, आणि मसुद्यावर जाहीर सुनावण्याही घ्याव्या लागतात. शेंद्रा, करमाड आणि बिडकीनच्या ग्रामपंचायतींनी त्या सुनावणीसाठी आपले ठराव आतापासून लिहायला घ्यावेत: रोजचे येणे-जाणे कुठे, कामगार राहतात कुठे, सांडपाणी कोणत्या नदीत जाते, आणि आपला खासदार दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने का निवडला जातो.