टॅक्सीतल्या नोंदी

गौरी : मामा, न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या सुमारे १५ कोटी फेऱ्या एमआयटीच्या संशोधकांनी तपासल्या. फेऱ्या २०११च्या, अभ्यास २०१४चा. प्रवाशांनी थोडा उशीर सोसून टॅक्सी वाटून घेतली, तर एकूण धावणं ४० टक्के किंवा त्याहून जास्त घटेल. अशी माहिती कुलपात ठेवायची?

मामा : मुळीच नाही. पण २०१४मध्येच क्रिस वाँग यांनी तिथल्या माहिती अधिकारात २०१३च्या फेऱ्या मिळवल्या, त्याचंही सांग.

गौरी : सतरा कोटींवर फेऱ्या. गाडीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक एमडी५ या संकेतपद्धतीने झाकलेला. पण क्रमांक ठरावीक साच्यातले. शक्य तेवढे सगळे क्रमांक घेऊन त्यांचे एमडी५ काढले आणि जुळवले. विजय पांडुरंगन यांनी काही तासांत मूळ क्रमांक उघडे केले.

मामा : मग अँथनी टॉकर यांनी टॅक्सीत बसणाऱ्या नटनट्यांचे छापून आलेले फोटो घेतले. फोटोत गाडीचा नंबर दिसत होता. त्यावरून कोण कुठे उतरलं, भाडं किती झालं, सगळं निघालं. फोटो जाहीर, फेऱ्याही जाहीर; दोन्ही एकत्र येतील हे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

गौरी : मी एकेका माणसाच्या मागे लागणार नाही. शहराबद्दलच विचारीन. चालक विश्रांती कधी घेतात, एवढंच.

मामा : तेच कुणीतरी पाहिलं, गं. काही गाड्या नमाजाच्या वेळांना नेमक्या थांबलेल्या. साधा प्रश्न, आणि उत्तरात चालकाचा धर्म. मीटर ही त्याच्या धंद्याची अट. नोंद त्यानं दिली नाही, ती होत गेली. त्याला कुणी विचारलं?

गौरी : त्याच उत्तरावरून मशिदीजवळ टॅक्सी उभी करायला जागाही मागता येईल. आणि माहिती उघडी नसली, तर ती कंपन्यांच्याच हातात राहील. वापरायचं ते थांबवणार नाहीत. तुम्हाआम्हाला मात्र काही तपासता येणार नाही.

मामा : हे अगदी खरं, आणि मला ते छळतं. २०१६च्या मध्यापासून तिथल्या टॅक्सी आयोगानं चढण्या-उतरण्याची नेमकी जागा काढून फक्त विभाग द्यायला सुरुवात केली. मला ते पटतं.

गौरी : मला अर्धंच पटतं. कोपऱ्यावरचे दोन प्रवासी एका गाडीत बसू शकतात का, हे विभागावरून कळत नाही. नेमकी माहिती आयोगाच्याच संगणकावर, करार करून पाहू द्यावी. बाहेर फक्त बेरजा न्याव्यात.

मामा : चालेल. पण परवानगी देणाऱ्यांत चालकांच्या संघटनेचा माणूस हवा.

गौरी : आणि तो नाही म्हणाला तर? शहरानं, त्याच्या पोराबाळांनीसुद्धा, जास्तीच्या गाड्यांचा धूर गिळत राहायचा?

मामा : हे त्याच्यासमोर बसून सांग. त्याच्या नोंदीतून काय काय निघू शकतं, तेही सगळं सांग. मग त्याला काय वाटतं ते विचार.