वाचणाराचा ‘ध’ चा ‘मा’

थेरगावी आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी गृहस्थ राहतात. त्यांची शेते होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. परंतु पत्र्याच्या पेटीतील जुन्या मोडी कागदांचा रुमाल मात्र त्यांनी टाकला नाही. गेल्या श्रावणात तो रुमाल घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “सर, आमच्या पणज्याचं यात काय लिवलंय तेवढं सांगा.” आमचे आयुष्य इंग्रजी शिकविण्यात गेले, मोडी आम्ही पन्नाशी उलटल्यावर केवळ हौसेने शिकलो, हे आम्ही त्यांस सांगितले, पण ते त्यांनी मनावर घेतले नाही.

रुमालात दोघा भावांचे एक वाटणीपत्र निघाले. सारा वाद एका शेताचा. थोरल्याच्या घरात, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या घरात, अशी समजूत की धाकट्याने ते आपखुशीने दिले. धाकट्याच्या घरात अशी की ते त्याला मिळूच दिले नाही. आज दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत, पण एकमेकांच्या लग्नकार्यास जात नाहीत. आम्ही कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचले, “शेत धाकटे भावाने दिल्हे.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. चहा झाला, आणि ते समाधानाने घरी गेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आमच्या ध्यानात आले की मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी ओळभर रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली शक्य तितके लेखणी न उचलता लिहीत जावयाचे, अशी ती लिपी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद ती पाळत नाही, आणि अनुस्वार बहुधा गिळते. कागदावर होते ते ‘धाकटेभावानेदिल्हे’ एवढेच. ते ‘भावाने दिल्हे’ असे तोडता येते, तसेच ‘भावा नेदिल्हे’ असेही. ‘नेदणे’ म्हणजे न देणे. संतांच्या वाणीत हे क्रियापद पावलोपावली भेटते. कुळकर्ण्याच्या व्यवहारी लिखाणात ते विरळा, म्हणून आम्ही वाचले तेच अधिक संभवनीय, हे आजही आमचे मत आहे. परंतु वाचताना हा विचार आम्ही केला होता काय? मुळीच नाही. समोर बसलेल्या माणसाला जे हवे होते तेच आमच्या डोळ्यांनी वाचले, आणि व्याकरण मागाहून साक्षीस बोलाविले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले ही आख्यायिका मराठी घरांत पोरासोरांसही ठाऊक आहे. तो कागद मात्र कोणी दाखविलेला नाही. त्या न सापडलेल्या कागदावरील एका अक्षरासाठी आपण त्या बाईस अडीचशे वर्षे दोष देत आलो. लिहिताना अक्षर फिरविणे हे पाप खरेच. पण वाचताना फिरविले तर? लिहिणाराची शाई तरी मागे राहते. वाचणाराने केलेला फरक कोठेच उमटत नाही, आणि पुष्कळदा त्याचा त्यालाही कळत नाही.

या विद्येत शिकण्यासारखे जे आहे ते कष्टाने येते. ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ असे दिसले की चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन ११७४, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावयाचे, आणि नवे वर्ष मृगापासून धरावयाचे, म्हणजे १७७३-७४ निघते. यात लोभाला जागा नाही. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमविले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. तेव्हापासून संपादक, जे लागत नाही तेथे टिंबे देतात. ती टिंबे आम्ही तरुणपणी आळस समजत होतो.

आणि ही केवळ पंडितांची चैन आहे असेही नव्हे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा मोडी जाणणारास एकाएकी भाव आला. कोण्या पणजोबाच्या नावापुढील दोन अक्षरांवर आज एखाद्या मुलाचा कॉलेजातील प्रवेश अवलंबून असतो. अशा नोंदीपाशी आशा घेऊन बसलेल्या माणसाला ‘लागत नाही’ असे सांगणे सोपे नाही. आम्हांस तर ते केवळ एका चहापुढे साधले नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, शेत गेले, भाऊ गेले. आता म्हाताऱ्याचे समाधान कशाला मोडता? दयाळू माणसाचे बोलणे आहे, आणि आम्ही चार दिवस त्याच्या आड लपलो. पण त्याच गल्लीतील दुसऱ्या घराचे समाधान कोणी मोजावयाचे? शिवाय आम्ही तो कागद पुन्हा स्मरणात आणला, तेव्हा त्याच्या तळाशी दोघा भावांच्या दोन निशाण्या आठवल्या. निशाणी नांगर. एक नांगर थोरल्याचा, एक धाकट्याचा. दोन्ही एकाच हाताचे, बहुधा कुळकर्ण्यानेच काढलेले. वरचे एकही अक्षर त्या भावांचे नव्हते, आणि जे लिहिले गेले ते त्यांस वाचताही येत नव्हते. धाकट्याच्या नावाने एकाने लिहिले, आणि शंभरांवर वर्षांनी दुसऱ्याने वाचले. बिचाऱ्याच्या स्वतःच्या तोंडचे असे त्यात काय उरले?

पाचव्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमाला काय वाटतं, सर?” आम्ही म्हणालो, “दिले, असेच वाटते. पण शपथ घेणार नाही.”

“मग तसंच लिवून द्या. दोन कागद करा.”

आम्ही दोन नकला केल्या. त्या शब्दाच्या जागी अक्षरे होती तशी, न तोडता, उतरविली, आणि समासात दोन्ही वाचने दिली. एक नक्कल त्यांनी पेटीत ठेवली. दुसरी घडी करून खिशात घातली, काठी घेतली आणि ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. आम्ही बरोबर येऊ काय, असे विचारले. हाताने नको म्हणाले.