झाकणाखालचं लोणी

निफाडकडच्या एका गावात दोन भाऊ राहत. दोघांच्या द्राक्षबागा बांधाला बांध लागून. एका दिवाळीत दोघांनी सारखीच पेट्रोल गाडी घेतली.

थोरल्याचा गाडीवर भारी जीव. ओरखडा उठू नये म्हणून तो ती शेडमध्ये कव्हर घालून ठेवी. रोज सकाळी दीड किलोमीटरवरच्या डेअरीत दूध घालायचं, परत यायचं, की पुन्हा कव्हर. आई म्हणे, "एकदा नाशिकला रामकुंडावर ने रे." तो म्हणे, "गाडी लांब नको पळवायला." धाकटा मात्र आठवड्यातून दोनदा नाशिक गाठी.

डिसेंबर सरताना कडाक्याची थंडी पडली. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटू लागल्या. अशाच एका सकाळी थोरल्याने बॉनेट उघडून ऑइलचं झाकण फिरवलं. आतून लोण्यासारखा पिवळट, चिकट थर धरलेला. त्याच्या काळजात धस्स झालं. त्याने गॅरेजमधून मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्रीने डिपस्टिक ओढली, फडक्यावर पुसून पाहिली. ऑइल दुधाळ नव्हतं. कूलंटही खुणेवर होतं. "हेड गॅस्केट गेलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "कूलंट घटलं असतं तर घोर होता. गाडी रोज चालते किती?"

"दीड जायला, दीड यायला. एवढी जपतो, तरी असं?"

"दादा, गरम भाकरी डब्यात घालून झाकण लावलं तर काय होतं?"

"झाकणाला पाणी सुटतं."

"इथं तेच झालंय. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरते. इंजिन गार असलं की तिचं पाणी होतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि हे लोणी येतं. इंजिन पुरतं तापलं तर त्याच पाण्याची वाफ होऊन ब्रीदरच्या नळीवाटे निघून जाते. तुमची गाडी तापायच्या आत बंद होते. रोज नवं पाणी आत, जुनं बाहेर नाहीच. असंच चाललं तर ऑइलचा कस जाईल, आतून गंज धरेल."

"मग सकाळी दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवली तर?"

"उभ्या गाडीचं ऑइल लवकर तापत नाही. काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा. ऑइल त्याच्या मागून तापतं. आठवड्यातून एकदा सलग 25-30 किलोमीटर चालवा. दुधाला सायकलवर जा. आणि किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला ऑइल बदला."

थोरला गप्प उभा राहिला. मिस्त्रीने झाकण पुसून लावलं आणि विचारलं, "बागेत घडाजवळची पानं कशाला काढता?"

"हवा खेळावी, दव लवकर सुकावं म्हणून. ओल राहिली की डावणी रोग येतो."

"वेलीची ओल तुम्हाला कळते. गाडीचीही तशीच आहे."

त्या रविवारी थोरल्याने कव्हर काढलं आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. रामकुंडावर दर्शन घेऊन दोघं संध्याकाळी परतली. मग दर रविवारी गाडी कुठं ना कुठं लांब जाऊ लागली, आणि दुधाची किटली सायकलला अडकवली गेली.

महिन्याने त्याने पुन्हा झाकण उघडलं. आत ऑइलचा नुसता पातळ, चकचकीत हात फिरलेला होता. लोणी नव्हतं. गाडीवर मात्र नाशिकच्या रस्त्याची धूळ होती, आणि ती पुसायची त्याला घाई नव्हती.

तात्पर्य : जे जपायचं, ते झाकून ठेवू नये. त्याला त्याच्या कामात पुरतं तापू द्यावं.