रंजनाची मुभा

व्हायकिंग म्हटलं की शिंगं असलेलं शिरस्त्राण डोळ्यांसमोर उभं राहतं. ही शिंगं रूढ झाली ती 1876 साली, जर्मनीत बायरॉइट इथं झालेल्या वाग्नरच्या संगीतनाट्यामुळे. कार्ल एमिल डोपलर यांनी त्याची वेशभूषा केली होती. नॉर्वेत येर्मुन्बू इथं 1943 मध्ये व्हायकिंग काळातलं खरं लोखंडी शिरस्त्राण सापडलं. ते साधं, गोल, डोळ्यांभोवती पट्टी असलेलं आहे. त्याला शिंगं नाहीत. तरीही जवळपास दीडशे वर्षं लोकांच्या मनात नाटकातलंच शिरस्त्राण टिकून आहे. रंगमंचाची आणि पडद्याची ताकद एवढी मोठी असते, म्हणून तिच्या जबाबदारीचा विचार करायला हवा.

2013 मध्ये सुरू झालेल्या ‘व्हायकिंग्ज’ मालिकेत रॅग्नार आणि रोलो हे भाऊ आहेत. रॅग्नार इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटतो. ती स्वारी झाली 793 मध्ये. रोलोला फ्रान्सच्या राजाकडून नॉर्मंडीचा मुलूख मिळाला तो 911 च्या सुमारास. मालिकेनं शंभराहून अधिक वर्षांचं अंतर पुसून दोघांना एका घरात नांदवलं. शिवाय रॅग्नार नावाचा असा एकच पुरुष होऊन गेला की नाही, याचीही खात्री नाही. स्वाऱ्यांच्या समकालीन नोंदी लुटल्या गेलेल्या मठांनी आणि दरबारांनी केल्या. आइसलँडमधल्या गाथा लिहिल्या गेल्या त्या काही शतकांनंतर. मधली पोकळी कल्पनेनं भरल्याशिवाय नाटक उभंच राहू शकत नाही. ती मुभा लेखकाला मोकळ्या मनानं द्यावी. सनावळी पुढेमागे झाली, दोन माणसांची एक व्यक्तिरेखा झाली, म्हणून कुणावर अन्याय होत नाही.

अन्याय होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. अल्स्टरच्या आयरिश बखरीत 871 ची एक नोंद आहे. अमलाइब आणि ईमार हे व्हायकिंग नायक दोनशे जहाजं घेऊन डब्लिनला परतले आणि त्यांनी अँगल, ब्रिटन आणि पिक्ट लोकांना मोठ्या संख्येनं बंदी करून आणलं. या बंदिवानांचं पुढचं आयुष्य गुलामीचं होतं. माणसांचा व्यापार हा व्हायकिंगांच्या संपत्तीचा एक मोठा आधार होता. मालिकेत मात्र गुलामी प्रामुख्यानं भेटते ती अ‍ॅथेलस्टन या संन्याशाच्या रूपात, आणि तो बघता बघता रॅग्नारचा जिवलग मित्र होतो. ही मैत्री सुंदर रंगवली आहे. दोन धर्म एकमेकांकडे कुतूहलानं कसे पाहत असतील, हे तिच्यातून जाणवतं. पण त्या जहाजांत कोंबलेल्या माणसांचं दुःख मैत्रीच्या कथेत विरघळून जातं.

चाच्यांच्या कथांचंही असंच झालं. ‘ब्लॅक सेल्स’सारख्या मालिकेत खलाशी मतं देऊन कप्तान निवडतात, हे खरं आहे. लढाईत हात किंवा पाय गमावलेल्याला भरपाई देण्याचे करारही चाच्यांनी केले होते. व्यापारी जहाजांवर फटके खाणाऱ्या खलाशांना या जगण्याची ओढ का वाटली, ते त्यातून समजतं. परंतु त्या जगण्याचा खर्च कुणी सोसला?

1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं औरंगजेबाचं ‘गंज-ई-सवाई’ हे जहाज लुटलं. त्यावर हजहून सुरतेला परतणारे यात्रेकरू होते. लूट कित्येक दिवस चालली. पुरुषांचे हाल झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. काही जणींनी समुद्रात उडी घेतल्याचं इतिहासकार खाफीखानानं नोंदवून ठेवलं आहे. बादशहानं सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैद केलं. एव्हरीच्या काही साथीदारांना लंडनमध्ये फाशी झाली. तो स्वतः कधीच सापडला नाही. यानंतर वीस वर्षंही उलटली नव्हती, तोच 1712 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याच्या कहाणीवर बेतलेलं ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक आलं. त्याचा नायक मादागास्करमधला चाच्यांचा राजा आहे. ज्या शहरानं साथीदारांना फासावर दिलं, त्याच शहरात म्होरक्याचा नायक झाला. त्या जहाजावरच्या स्त्रियांची बाजू मांडणारं त्या प्रेक्षागृहात कुणीही नव्हतं.

आपल्या किनाऱ्याला याच अन्यायाची दुसरी बाजू ठाऊक आहे. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ चित्रपटमालिकेतल्या 2007 च्या भागात चाच्यांच्या सरदारांच्या सभेत संभाजी आंग्रे नावाचं एक पात्र बसलेलं दिसतं. हे नाव खऱ्या माणसाचं आहे. संभाजी हे कान्होजी आंग्रे यांचे पुत्र, आणि कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कोकणच्या समुद्रात ये-जा करणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज तर आपल्या परवान्याची सक्ती त्याआधीपासूनच करत होते. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. ज्यांना आंग्र्यांना हरवता आलं नाही, त्यांनी त्यांना चाचे ठरवलं. सुमारे तीनशे वर्षांनी एका करमणुकीच्या चित्रपटानं तोच निवाडा जगभर पोहोचवला. एकीकडे लुटारू नायक होतो, दुसरीकडे राज्याचा आरमारप्रमुख लुटारू होतो. दोन्हीकडे कथा सांगणारा हात एकाच बाजूचा असतो.

म्हणून ऐतिहासिक मालिका तोलताना फक्त पोशाख आणि तारखा तपासणं पुरेसं नाही. या कथेत ज्यांचं घर जळलं ते कुठे आहेत, त्यांना चेहरा आणि आवाज दिला आहे का, एखाद्या खऱ्या माणसाचं नाव वापरून त्याचं काम तर हिरावून घेतलेलं नाही ना, हे पाहायला हवं. या कसोटीवर उतरलेल्या कलाकृतीत शिंगांचं शिरस्त्राण असलं तरी चालेल. न उतरलेल्या कलाकृतीत प्रत्येक बटण त्या काळातलं असलं, तरी ती इतिहासाशी प्रामाणिक नाही.

अशा मालिका जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. फक्त शेवटचा भाग संपला की मुलांबरोबर त्या काळाचं एखादं पुस्तक उघडा, आणि पडद्यावर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची बाजू त्यांना आधी वाचून दाखवा.